चार नंबरचा पिंजरा

चार नंबरच्या पिंजऱ्यातला दहावा उंदीरही मेला, आणि थोरलीनं झाकण उचलून पुन्हा एकदा बघितलं. आता उंदीर मरणं यात नवल ते काय! सोळा वर्षं ती या प्रयोगशाळेत उंदीरच मोजत आली होती. सकाळी आल्या आल्या ॲप्रन चढवायचा, हात धुवायचे, जाळीचं झाकण उचलून मेलेला चिमट्यानं बाजूला काढायचा आणि पिंजऱ्याला अडकवलेल्या कार्डावर तारखेसमोर आकडा लिहायचा. हात आपले चालत राहायचे आणि डोकं घरच्या गळक्या नळापाशी असायचं. पण हे दहा तिचे होते. तिच्या स्वतःच्या रक्ताच्या भरवशावर सोडलेले. शेजारच्या पिंजऱ्यात, ज्यांना कसलंच संरक्षण दिलं नव्हतं, तिथंही दहा मेले होते. म्हणजे थोरलीचं रक्त असून नसल्यासारखंच. तिनं कार्डावर शून्य लिहिलं. ते जरा वाकडं आलं म्हणून पुन्हा गिरवलं.

"काय हो ताई, हा चार नंबर कोण?" पिंजरेवाल्यानं मागून विचारलं. तो निवृत्तीला टेकलेला होता, उंदरांना पाहुणे म्हणायचा आणि कुणाचीही टिंगल करायला कमी करायचा नाही. "रक्त दिलंय की चहाचं पाणी?" थोरली हसली. म्हणजे तोंड हसलं. चार नंबर कोण हे फक्त तिला ठाऊक होतं, कारण नंबर तिनंच घातले होते.

प्रकार तसा साधा होता. डांग्या खोकला ज्याला होऊन गेला त्याच्या रक्तात त्या लढाईचं काहीतरी मागे राहतं. रक्त नळीत गोठू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. हे सीरम तान्ह्या पोरांना वेळेवर टोचलं तर खोकला त्यांना धरणार नाही, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना वाटत होतं. वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, म्हणून पोरांच्या आधी उंदीर. दहा उंदरांच्या पोटात एका माणसाचं सीरम टोचायचं, दुसऱ्या दिवशी ईथरचा बोळा हुंगवून गुंगीतल्या उंदराच्या नाकावर जंतूंचा थेंब सोडायचा आणि चौदा दिवस मोजत बसायचं. सीरममध्ये दम असेल तर ते कागदाचे कपटे कुरतडत जगतात. नसेल तर पाठ कुबडी करून, केस पिंजारून कोपऱ्यात बसतात आणि सकाळी आडवे सापडतात. लहानपणी कुणाकुणाला डांग्या खोकला झाला होता, असं बाईंनी दोन महिन्यांपूर्वी सगळ्या कामकऱ्यांना विचारलं, तेव्हा सहा हात वर झाले. थोरलीचा तर प्रश्न संपायच्या आत वर गेला होता. सहाही जणांचं सीरम एकत्र केलं, पण त्यावर निम्मेच उंदीर जगले. मग बाई म्हणाल्या, सुटं सुटं बघू, कोण पाणी घालतंय ते कळेल. आणि आता कळलं होतं.

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. थोरली दारात उभी राहून म्हणाली, "बाई, चार नंबरचे सगळे गेले."

"मग काढून टाका त्याला मिश्रणातून."

"चार नंबर मी आहे."

बाईंनी डोळा वर केला. "अगबाई! पण तुम्हाला झाला होता ना?"

"झाला होता म्हणतात."

"कोण म्हणतात? डॉक्टरनं सांगितलं होतं?"

थोरली दाराच्या कडेचा रंग नखानं खरवडू लागली. बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "चाळीस वर्षं झाली हो त्याला. एवढ्या वर्षांनी रक्तात काय उरतं नि काय नाही, यावर मी पैज लावणार नाही. झाला असेल, नसेलही. उंदरांना विचारून माणसाचं बालपण थोडंच कळतं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळा काचेला लावला. बाईंच्या लेखी विषय संपला.

थोरलीच्या लेखी तो आता कुठे सुरू झाला होता. कोण म्हणतात? दिवसभर नळ्या धुताना, लेबलं चिकटवताना, बसच्या रांगेत उभी असताना हाच प्रश्न दातात अडकलेल्या तंतूसारखा. जीभ तिथेच जायची. थोरली हे तिला आईनं पाडलेलं नाव. पण थोरली म्हणायला पाठचं कुणी उरलं नव्हतं. एक भाऊ झाला होता, तो तीन महिन्यांचा होऊन गेला. नाव ठेवायचंसुद्धा राहिलं, सगळे त्याला बाळच म्हणायचे. डांग्या खोकल्यानं गेला. खोकून खोकून निळा पडायचा, श्वास घ्यायला मध्ये फट सापडायची नाही, आणि एका दुपारी ती फट सापडलीच नाही. तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि तीही खोकत होती. पोरीनं आणला शाळेतून, असं आत्या म्हणाली होती. भिंतीशी उभ्या असलेल्या थोरलीच्या डोक्यावरून ते वाक्य गेलं आणि खोलीतल्या सगळ्यांच्या माना हलल्या. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. उलट आत्यानं जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. तेच वाईट झालं. रागावली असती तर रडून मोकळं होता आलं असतं.

त्यानंतर एक सवय लागली. थोरलीला खोकला आला की घरात काहीतरी थांबायचं. आईच्या हातातलं काम थांबायचं, बाबांच्या पेपराचं पान उलटता उलटता थांबायचं. कुणी वर बघायचं नाही, पण थांबायचं. म्हणून खोकला आला की ती गॅलरीत जाऊ लागली. थंडी असो, वारा असो, दार लोटून घ्यायचं, कठड्याला धरून खोकायचं आणि डोळे पुसून आत यायचं. बाबा गेले, घर बदललं, तीन मजले वर आलं, गॅलरी लहान झाली. सवय तीच. आता तिची शेहेचाळिशी उलटली होती आणि आपण हे करतो हेदेखील तिच्या ध्यानात येत नसे. दुसरीही एक गोष्ट होती. प्रयोगशाळेत कुणी बाळंतपणाच्या रजेवरून पोर दाखवायला आणलं की सगळ्या बायका झेपावायच्या आणि थोरली चार पावलं लांब, खिडकीपाशी उभी राहून "गोड आहे हो" म्हणायची. तान्हं मूल तिनं जन्मात उचललं नव्हतं. एकदा लग्नाचं ठरत आलं होतं. माणूस चांगला होता, पण त्याला खूप मुलं हवी होती. तो हौसेनं पाळण्याच्या गोष्टी बोलायला लागला की हिच्या घशात खवखवायला लागायचं. तेही बारगळलं. माणसं म्हणाली, शिष्ट आहे. म्हणेनात का! शिष्ट म्हणवून घेणं त्यामानानं सोपं होतं.

घरी आई मटार सोलत बसली होती. रोज संध्याकाळी आईचा एक ठरलेला प्रश्न असायचा, दुसऱ्या बायका पावसापाण्याचं विचारतात तसा. "आज किती?" म्हणजे किती उंदीर गेले. सुरुवातीला आई किळस करायची. मग तिला त्याची गोडी लागली. कुठल्या पिंजऱ्यात काय चाललंय हे तिला पाठ असायचं. बाईंचं कुठं चुकतंय यावरही तिची मतं असायची.

"आज किती?"

"चार नंबरचे सगळे."

"सगळे? अगं बाई! कुणाचे होते ते?"

"माझे," थोरली म्हणाली. "माझ्या रक्तात काही नाही आई. मला तो खोकला कधी झालाच नसेल."

आईच्या बोटांत शेंग होती. ती अर्धी उकलून तशीच राहिली. "झाला होता," आई म्हणाली. "मी होते ना." आणि उरलेल्या शेंगा तशाच ठेवून ती आत निघून गेली. पाणी प्यायला गेली म्हणावं, तर भांड्याचा आवाज आला नाही.

पुढचे काही दिवस थोरलीचं कशातच लक्ष नव्हतं. मनात ती एकच आठवण काढून पुन्हा पुन्हा पाहत होती. खोलीत बाळाचा पाळणा, खिडकीला हिरवा पडदा, औषधाचा कडू वास, आणि खोकला. तो खोकला तिला अजून ऐकू यायचा. एकावर एक ढास, मध्ये दम नाही, आणि शेवटी तो लांब आत ओढलेला, शिट्टीसारखा श्वास. हाच आपला खोकला, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता ती ऐकायला बसली की त्या खोकल्यामागून आणखी काहीतरी ऐकू यायचं. भांडं घासल्याचं. नळाचं. आणि तो आवाज आपल्या छातीतून येतोय असं काही केल्या जाणवत नव्हतं, तो यायचा भिंतीपलीकडून. एकदा दुपारी अपकेंद्री यंत्रात नळ्या गरगर फिरत होत्या, त्यांच्याकडे बघता बघता तिला स्वयंपाकघराचं दार दिसलं. दार अर्धं उघडं. आई मोरीपाशी वाकलेली, भांडी पुसायचा फडका तिनं तोंडात कोंबलेला, मानेच्या शिरा तटतटलेल्या. थोरलीनं यंत्र बंद केलं. हे खरं दिसलं की आत्ता रचलं? माणसाला सुटका हवी असली की मन काय वाटेल ते चित्र काढून देतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मनाच्या साक्षीला कोण विचारतो? तिला आकडा हवा होता. सोळा वर्षांत तिचा आकड्याखेरीज कशावर विश्वास उरला नव्हता. आणि मग जो विचार आला त्यानं ती स्वतःच दचकली, पण तो गेला नाही.

"साखर तपासायची तुझी," रविवारी ती आईला म्हणाली.

"मला? मला काय धाड भरलीय?"

"वय झालं की तपासतात. हात दे."

आईनं हात दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हात वाळलेला, पण शीर अजून चांगली, बोटाखाली ठसठशीत लागणारी. सुई गेली तेव्हा आई हूं की चूं करेना. पिचकारी मोठी होती, भरायला वेळ लागत होता, आणि मध्येच आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "साखरेला एवढं लागतं होय?"

"लागतं."

"लागत असेल बाई. तू शिकलेली." थोरलीनं शिरेवर कापूस दाबून धरला, लागेल त्याहून जास्त वेळ. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं. स्वतःच्या आईच्या अंगातून साक्ष काढून नेतोय, तीही तिला न विचारता. पण हात थांबले नाहीत.

प्रयोगशाळेच्या वहीत तिनं सात नंबर घातला आणि पुढे लिहिलं, शेजारच्या एक बाई, वय एकोणसत्तर, खोकल्याचं नक्की माहीत नाही. दहा उंदीर, दहा टोचण्या, ईथर, थेंब. इतरांचे थेंब ती सवयीनं सोडायची, सात नंबरच्या वेळी मात्र प्रत्येक उंदराच्या नाकाशी तिचा श्वास अडकत होता. काय हवंय आपल्याला? उंदीर जगावेत की मरावेत? जगले तर आपण सुटू आणि आई अडकेल. मेले तर पुन्हा आपण होतो तिथेच, कठड्याला धरून. पाचव्या दिवशी बिनसंरक्षणाच्या पिंजऱ्यात पहिले दोन आडवे झाले. सातव्या दिवशी चार. सात नंबरमध्ये एक उंदीर पाठ कुबडी करून बसला आणि आठव्या दिवशी गेला, तेव्हा थोरलीला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला शिसारी आली. वाटलं, चला, आता बाकीचेही जातील. ते गेले नाहीत. नवव्या दिवशी नऊ, दहाव्या दिवशी नऊ. ते खात होते, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते, कागदाच्या कपट्यांची घरटी करत होते. "पाहुणे मुक्कामाला आलेत हो," पिंजरेवाला म्हणाला, "सात नंबरच्या बाईंचं रक्त आहे की पोलाद!" घरी रोज आईचा प्रश्न यायचा, आज किती, आणि थोरली इतर पिंजऱ्यांचे आकडे सांगायची. सात नंबर ती गाळत होती. आईही त्याबद्दल कधी विचारत नव्हती.

चौदाव्या दिवशी कार्ड हातात घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः पिंजऱ्यापाशी आल्या. आनंदानं त्यांचे गाल लाल झाले होते. "कोण हो या शेजारच्या बाई? एवढं दमदार सीरम आपल्याकडे एकाचंही नाही. त्यांना उद्याच घेऊन या. दोन महिन्यांची, तीन महिन्यांची पोरं वॉर्डात येताहेत, घरात मोठ्याला खोकला आणि पाळण्यात पोर. मला हे रक्त हवंय."

"म्हणजे त्यांना झाला होता? तेव्हा, तरुणपणी?" थोरलीनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"तेव्हा की गेल्या वर्षी, ते मी कुठून सांगू? मोठ्या माणसाला होतो आणि कळतही नाही, नुसता जुनाट खोकला म्हणून चार आठवडे काढतात. ते जाऊ दे. घेऊन या बाई त्यांना."

बस आली तरी थोरली चढली नाही. चालत निघाली. दुकानांच्या पाट्या, पुलावरचा वारा, कुणाचातरी धक्का, आणि डोक्यात नुसती उलथापालथ. सांगितलं नाही तर उद्या बाईंना काय तोंड दाखवायचं? बाई गावाला गेल्या म्हणायचं? आणि त्या वॉर्डातल्या पोरांचं काय, ज्यांना नाव ठेवायचं अजून राहिलंय? सांगितलं तर एकोणसत्तर वर्षांच्या म्हातारीला म्हणायचं काय, की चल, तुझं रक्त फार चांगलं आहे, कारण तूच... पुढचं वाक्य तिच्याच्यानं मनातदेखील पुरं होईना. आणि बाईंचंही खरंच होतं, यातून सिद्ध काहीच होत नव्हतं. पण राग काही पुराव्यासाठी थांबत नाही. पुलाच्या मध्यावर तो आला आणि चांगलाच आला. चाळीस वर्षं! चाळीस हिवाळे त्या गॅलरीत! ती रस्त्यातच थांबली आणि एक माणूस तिला वळसा घालून पुढे गेला.

आई खिडकीशी बसली होती. आज हातात काही काम नव्हतं. थोरलीनं चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि आज किती याची वाट बघत उभी राहिली.

"माझे किती राहिले?" आईनं विचारलं.

थोरली जमिनीवर बसली. मग म्हणाली, "नऊ."

"म्हणजे एक गेला."

"एक गेला."

आईनं मान हलवली, जणू हिशोब तिच्याजवळ आधीपासून होता. थोरली घाईघाईनं म्हणाली, "बाईंना तुझं रक्त हवंय, वॉर्डातल्या पोरांसाठी, उद्याच. पण त्यावरून काही ठरत नाही आई. बाईच म्हणाल्या. तुला नंतर कधीतरी झाला असेल, कळलंही नसेल..."

"तुझ्या बाईंचं नसेल ठरत," आई म्हणाली. "मी तुझ्याआधी खोकत होते. चांगले पंधरा दिवस आधी. फडका तोंडात कोंबून खोकायची, बाळ उठेल म्हणून. आणि त्याच तोंडानं त्याचे पापे घेत होते."

"मग मला का सांगितलंस की मी..."

"मी नाही सांगितलं. तुझी आत्या म्हणाली, पोरीनं आणला. मी नुसती गप्प राहिले. वाटलं, लेकरू आहे, लेकराला कोण काय म्हणणार? मला मात्र त्या घरात कुणी उभं केलं नसतं. आणि तू विसरशील असं वाटलं गं. सहा वर्षांची होतीस. सहा वर्षांचं पोर काय लक्षात ठेवतं?" आईचा आवाज फुटला, पण तिनं डोळे पुसले नाहीत. "मग तू बाहेर जाऊन खोकायला लागलीस. तेव्हा कळलं की विसरली नाहीस. पण तोवर उशीर झाला होता, आणि दर वर्षी जास्तच होत गेला."

थोरलीला खूप बोलायचं होतं. पाळण्याचं, त्या चांगल्या माणसाचं, खिडकीपाशी उभं राहून गोड आहे म्हणण्याचं. राग तर होताच, घशाशी आला होता. पण घशात रागाबरोबर दुसरंही काही होतं, ती चांगलीच ओळखीची खवखव. ती उठली आणि गॅलरीच्या दाराकडे वळली.

"कुठं निघालीस?"

"खोकायला."

"बस इथं."

"अगं, ढास आहे नुसती, येतेच दोन मिनि..."

"बस म्हणते ना!" आई इतक्या जोरात ओरडली की दोघीही दचकल्या. मग तिनं खुर्ची सरकवून जागा केली. "इथं. माझ्यासमोर."

थोरली बसली. क्षणभर ढास दबून राहिली, चाळीस वर्षांची शिस्त अशी कुठं मोडते? आणि मग ती आली, एकावर एक, पोटातून, डोळ्यांतून पाणी काढत. आईचा हात पाठीवर होता, वरून खाली, वरून खाली, आणि खोकला चालू असताना तो एकदाही थांबला नाही.

"उद्या किती वाजता यायचं तुझ्या बाईंकडे?" आईनं विचारलं.

थोरली अजून खोकत होती. तिनं बोटांनी नऊ दाखवले.

"येते," आई म्हणाली. "अजून असेल तर अजून खोक."